सहावा मणी

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला मी जमाखर्चाच्या वहीसोबत एक पिशवी घेऊन गेले. पिशवीत मणी होते. लाल, पिवळे, हिरवे, काचेचे, लाखेचे, बारीक, टपोरे... बांगडीवालीच्या दुकानात बसून मोजून वीस तऱ्हांचे मणी मी निवडून आणले होते. ते सतरंजीवर ओतले तशा बायका हसायला लागल्या.

"काहून ताई, आता पोती ओवायचा धंदा काढता का गटाचा?"

"धंदा नाही गं," मी म्हटलं, "आज आपण रक्त ओवून बघणार आहोत."

हसू एकदम थांबलं. आमच्या पूर्व विदर्भात 'रक्त' म्हटलं की बायकांना एक शब्द लगेच आठवतो. सिकलसेल. कुणाचा भाचा, कुणाची नणंद, कुणाचं स्वतःचं लेकरू. नाव सगळ्यांना ठाऊक. पण हा आजार नक्की काय, तो येतो कुठून आणि कुणामुळे, याची मात्र प्रत्येक घरात वेगळी कथा! मलाही बरीच वर्षं ते नीट कळलेलं नव्हतं. आणि त्या न कळण्यापायी माझ्या हातून एक चूक झाली. मैत्रिणींनो, आज ती तुमच्यापुढे मांडायची आहे.

गोष्ट २०१२ सालची. आमच्या महिला मंडळाने पुढाकार घेऊन सामुदायिक विवाह सोहळा ठरवला होता. हुंडा नाही, मानपान नाही, मुलीचं वय अठरा पूर्ण, मुलाचं एकवीस. जन्माचे दाखले मी स्वतः तपासले. मंडप, जेवण, भांडी, सगळ्याची धावपळ चालू होती. अशात आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, नोंदणीच्या दिवशी एक टेबल मला द्या. मुलामुलींची सिकलसेलची तपासणी करून टाकू. बोटातून थेंबभर रक्त, बास."

मी काय म्हणावं? म्हटलं, "सिस्टर, लग्नाच्या मांडवात आजाराचं नाव कशाला? आधीच एकेक लग्न जमवताना नाकी नऊ आलेत. कुणाच्या रिपोर्टात काही निघालं आणि लग्न मोडलं म्हणजे?"

बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. सोहळा छान झाला. पेपरात फोटोही आला.

त्या सोहळ्यात लग्न झालेली एक मुलगी आमच्याच गटात होती. तिला आपण वनिता म्हणू. पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला. गोरागोमटा, गुटगुटीत. आठवा महिना लागला आणि एक दिवस त्याचे हातपाय सुजले. बोटं अशी फुगली की कुणी हात लावला तरी किंचाळायचा. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं दातांचं आहे. आजीने बिब्बा लावला. चार दिवसांनी सूज उतरली. पण मग ते पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. पावसात भिजला की दुखणं. थंडी पडली की दुखणं. डोळे पिवळे. वनिता रात्र रात्र त्याला मांडीवर घेऊन बसायची. "ताई, पोट्टं रातभर रडून राह्यलं," एवढंच सकाळी सांगायची.

सासरी दुसरंच सुरू झालं. "आमच्या खानदानात असं कोणाले नाही. हिच्याच माहेरची खोट आहे." मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ठिकाणी नीट तपासणी झाली. मुलाला सिकलसेल. मग डॉक्टरांनी दोघाही नवराबायकोचं रक्त तपासलं. वनिता वाहक निघाली. आणि नवराही वाहक निघाला! दोघंही धडधाकट, कामाला वाघ, कधी दवाखान्याची पायरी चढलेले नाहीत. सासूबाई कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मुलाचा चेहरा वाचता आला.

त्या दिवशी वनिता माझ्याकडे आली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ताई, तुमाले माहीत असतं तर तुमी सांगितलं असतं ना जी?"

मला माहीत होतं. सगळं नाही, पण टेबल मांडायला जागा द्यायची एवढं तरी माहीत होतं. मी गप्प बसले.

तेव्हापासून मी हा विषय समजून घ्यायचं मनावर घेतलं. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेली. रसायनशास्त्राशी दहावीनंतर जो संबंध तुटला तो तुटलाच. पण माझी मुलगी तेव्हा बारावी सायन्सला होती. एका रात्री मी तिचं जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन बसले. पहिल्या पानालाच अडखळले. ती म्हणाली, "आई, तू पोत ओवतेस ना? तसंच आहे हे. घाबरू नकोस."

तिने समजावलं ते असं. आपल्या शरीरात जे काही कामाचं आहे ते बहुतेक प्रथिनांचं, म्हणजे प्रोटीनचं बनलेलं. स्नायू, केस, नखं, अन्न पचवणारे रस, रक्तातला लाल रंग. हजारो प्रकारची प्रथिनं. पण ती ओवलेली असतात फक्त वीस तऱ्हांच्या मण्यांतून. या मण्यांना म्हणतात अमिनो आम्लं. वीस मणी, पण त्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदललं. बाराखडी तीच, पण 'मका' आणि 'काम' वेगळे, तसं. वाङ्मयवालीला हे मात्र झटकन कळलं!

आता रक्ताकडे येऊ. रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. आपण 'एचबी किती आहे' म्हणून विचारतो ते हेच. हे एक प्रथिन आहे. चार माळा एकमेकींत गुंतलेल्या. त्यातल्या दोन माळा १४१ मण्यांच्या, त्यांना अल्फा म्हणतात. दोन १४६ मण्यांच्या, त्या बीटा. एकूण ५७४ मणी. प्रत्येक माळेच्या कुशीत लोहाचा एक कण. फुप्फुसात प्राणवायू धरायचा आणि अंगभर नेऊन सोडायचा, हे त्याचं काम. एका तांबड्या पेशीत असे सुमारे सत्तावीस कोटी हिमोग्लोबिन असतात.

सिकलसेलमध्ये बीटा माळेतला सहावा मणी बदलतो. बस, एवढंच. १४६ पैकी एक.

बैठकीत मी बायकांकडून त्या माळेचे पहिले आठ मणी ओवून घेतले. पहिला व्हॅलिन, म्हणून लाल मणी. मग हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन. सहावा आणि सातवा ग्लुटामिक आम्लाचा, दोन्ही निळे. आठवा लायसिन. नावं पाठ करायची नाहीत, रंग लक्षात ठेवायचे, असं आधीच सांगितलं होतं. मग दुसऱ्या दोऱ्यात तेच मणी ओवायला लावले, फक्त सहाव्या जागी निळा काढून लाल घालायचा. दोन्ही पोती शेजारी धरल्या. एक आजीबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "यात काय मोठं बिघडलं वं माय?"

हाच तर प्रश्न! निळ्या मण्याला, म्हणजे ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं. लाल मण्याची, म्हणजे व्हॅलिनची पाण्याशी कट्टी. वरणाच्या पातेल्यात तेलाचे थेंब तरंगताना पाहिलेत ना? पाण्यात मिसळत नाहीत, सरकत सरकत एकमेकांना जाऊन चिकटतात. तसंच इथं होतं. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हा चुकीचा मणी शेजारच्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो. तो त्याच्या शेजारच्याला. एकाला एक चिकटून लांब ताठ काड्या तयार होतात. त्या काड्या पेशीला आतून ताणतात. एरवी तांबडी पेशी गोल, मऊ, बारीकातल्या बारीक नळीतूनही वाकून पुढे जाणारी. ती होते विळ्यासारखी वाकडी आणि ताठ. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणून हे नाव.

असे विळे एकमेकांत अडकले की बारीक रक्तवाहिनी तुंबते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि कळा सुरू होतात. हाडं, सांधे, पोट, छाती, कुठंही. शिवाय निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. आजवर आपण रक्त कमी म्हटलं की लोहाच्या गोळ्यांकडे बघतो. पण इथं मूळ दुखणं लोहाच्या कमतरतेचं नाही, पेशी लवकर फुटण्याचं आहे. तेव्हा या रुग्णांनी लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तेव्हाच घ्यायच्या.

हा एक मणी सापडला कसा, तीही ऐकण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेत शिकागोच्या जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी १९१० साली एका रुग्णाच्या रक्तातल्या या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन छापलं. कारण कळेना. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनमध्येच आहे. पण कुठं? ते शोधलं केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी, १९५६ साली. एवढी मोठी माळ एकदम कशी तपासणार? त्यांनी एक कात्री वापरली. तिचं नाव ट्रिप्सिन.

आता ही कात्री काही परदेशातून मागवायला नको. ती आपल्या प्रत्येकीच्या पोटात आहे! अन्न पचवणाऱ्या या कात्र्यांना विकर म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत एन्झाइम. विकर हेसुद्धा प्रथिनच. प्रत्येकाचं काम ठरलेलं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं विकर पिठातल्या स्टार्चची साखर करतं. जठरात पेप्सिन आणि पुढे लहान आतड्यात ट्रिप्सिन, ही दोघं प्रथिनांच्या माळा कापतात. ट्रिप्सिनची शिस्त तर अशी की ते ठरावीक दोनच मण्यांनंतर कापतं, लायसिन आणि आर्जिनिन. इन्ग्रॅम यांनी निरोगी आणि आजारी, दोन्ही हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने कापून घेतलं आणि ते तुकडे ओल्या कागदावर पसरवले. सुमारे तीस ठिपके उमटले. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर सगळे ठिपके जागच्या जागी, एक मात्र सरकलेला. तोच तो पहिल्या आठ मण्यांचा तुकडा, आपण ओवला तो. माणसाच्या आजाराचं मूळ प्रथिनातल्या एका मण्यापर्यंत नेऊन दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती.

हे सांगत होते तेवढ्यात एकीने विचारलं, "मग ताई, पोराले काजू-बदाम, अंडी, मटण खाऊ घातलं तर तो मणी बदलंल का?"

फार चांगला प्रश्न. आणि याच प्रश्नापायी कितीतरी आया कर्ज काढून महागडी पावडरची डबी आणतात. तर ऐका. आपण डाळ खा, अंडं खा, नाहीतर मटण, पोटातल्या कात्र्या त्या माळांचे सुटे मणी करतात. ते रक्तात जातात. मग शरीर ते मणी घेऊन स्वतःच्या माळा ओवतं, स्वतःकडच्या नमुन्याप्रमाणे. हा नमुना आईवडिलांकडून येतो. त्यात सहाव्या जागी लाल लिहिलं असेल तर निळ्या मण्यांची रास पुढ्यात असली तरी लालच ओवला जाणार. खाण्यात काही कमी पडलं म्हणून हा आजार होत नाही, आणि काही खास खाल्लं म्हणून बराही होत नाही. पण रक्त सारखं फुटतंय, नवं सारखं तयार करावं लागतंय, म्हणून रोजचं साधं खाणं मात्र नीट हवं. भात, त्यासोबत घट्ट वरण, पालेभाजी, जमेल तेव्हा अंडं. तांदळात लायसिनचा मणी कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात बरं. आपल्या आजीने वरणभाताची जोडी उगाच नाही लावली. काजू नसले तरी चालतं, पण वरणाचं पाणी करू नका.

आता नमुना येतो कसा, ते सांगण्यासाठी मी दोन वाट्या घेतल्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येकाकडे बीटा माळेचे दोन नमुने असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. दोन्ही बरोबर, तर माणूस निरोगी. एक बरोबर, एक चुकीचा, तर वाहक. वाहकाला सहसा कसलाच त्रास नसतो, त्याचं आयुष्य बाकीच्यांसारखंच. दोन्ही चुकीचे, तर रुग्ण. मी दोन्ही वाट्यांत एक निळा, एक लाल मणी टाकला आणि बायकांना डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक मणी काढायला सांगितला. कुणाला दोन निळे आले, कुणाला एक निळा एक लाल, एका मुलीला दोन्ही लाल. तिने ते पटकन खाली टाकून दिले, जणू हाताला चटका बसला.

हिशेब असा. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. 'प्रत्येक' हा शब्द नीट ऐका. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे आता पुढची तीन ठणठणीत, असं नाही. दर वेळी वाटीत तेच दोन मणी असतात. आणि दोघांपैकी एकच वाहक, दुसरा निरोगी असेल, तर मूल रुग्ण होत नाही. फार तर वाहक होईल.

म्हणजे रुग्ण मूल होण्यासाठी आई आणि बाप, दोघांचाही एकेक मणी लागतो. 'हिच्या माहेरची खोट' म्हणणाऱ्या प्रत्येक सासूला हे वाटीत दाखवायला हवं.

खरं तर याला खोट म्हणावं का, हाही प्रश्नच आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहक मुलांना जीवघेण्या हिवतापापासून, म्हणजे मलेरियापासून संरक्षण मिळतं. जिथं पिढ्यान् पिढ्या डासांच्या जंगलात माणसं राहिली, तिथं हा एक लाल मणी असलेली लेकरं जास्त जगली आणि तो पुढे पुढे येत गेला. भारतात याची पहिली नोंद झाली १९५२ साली, नीलगिरीच्या डोंगरातल्या लोकांत. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूरपासून सातपुड्यातल्या नंदुरबारपर्यंतचा जंगलपट्टा हिवतापाचाच. आदिवासी समाजांत हा आजार जास्त आढळतो, पण फक्त त्यांच्यातच आहे असं नाही. तेव्हा हे कुणाचं पाप नाही, करणी नाही, शाप नाही. हा संसर्गाचा आजार नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. ज्या मण्याने आपल्या पूर्वजांना तारलं, तोच दोन्हीकडून आला की लेकराला जड जातो, एवढंच.

वनिताच्या मुलाचं काय झालं? तो आता सातवीत आहे. रोज हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी घेतो. या गोळीची गंमत सांगते. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा माळ नसतेच, म्हणून त्यात ती चूकही नसते. जन्मानंतर ते हळूहळू कमी होतं. म्हणूनच ही मुलं पहिले पाच-सहा महिने अगदी छान असतात आणि मग दुखणं सुरू होतं. ही गोळी ते बाळपणचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. आजार जात नाही, पण कळांचे झटके कमी होतात. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, मधून मधून रक्त तपासायचं. आणि मुलींनी, बायकांनी मूल होऊ द्यायचं ठरवण्याआधी त्यांना विचारल्याशिवाय राहायचं नाही.

बाकी काळजी साधी आहे. भरपूर पाणी, कारण अंगातलं पाणी कमी झालं की विळे वाढतात. थंडीत स्वेटर, पावसात भिजणं नाही, नदीच्या गार पाण्यात डुंबणं नाही. ताप आला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना. फोलिक ॲसिड आणि लसी वेळेवर. प्लीहा एकाएकी वाढू शकते, म्हणून वनिता त्याच्या पोटाची डावी बाजू रोज हाताने चाचपून बघायला शिकली. शाळेत जाऊन तिने बाईंना सांगितलं की याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या आणि लघवीला अडवू नका. चौथी शिकलेली ही बाई, पण शाळेतल्या बाईंना रक्तपेशीचं चित्र काढून दाखवून आली!

तिला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईच तिच्यासोबत तपासणीला गेल्या. गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचीही तपासणी होऊ शकते, मोठ्या शहरातल्या काही दवाखान्यांत ती सोय आहे. काय ठरवायचं ते त्या नवराबायकोने ठरवलं. मुलगी झाली. ती आईसारखी वाहक आहे, खणखणीत आहे.

आणि माझं? वनिताच्या त्या प्रश्नाला मी सहा महिने उत्तर दिलं नव्हतं. एक दिवस तिच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं, सिस्टर आल्या होत्या, मी टेबल दिलं नाही. ती भाजी निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "मले आता सांगून काय होते, ताई? दुसरीले सांगजा."

म्हणून हे लिहिते आहे.

आता आमच्या मंडळाच्या विवाह नोंदणीत पहिलं टेबल तपासणीचं असतं. सोल्युबिलिटी चाचणी अगदी सोपी आहे. थेंबभर रक्त एका द्रावणात टाकायचं. गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकलचं हिमोग्लोबिन आहे. मग पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण ते कळतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत या आजाराचं उच्चाटन करायचं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा रुग्णाला प्रमाणपत्र मिळू शकतं, हे अनेकींना ठाऊकच नसतं.

पण तपासणीचा रिपोर्ट आला की एक नवीन संकट उभं राहतं, ते मी जवळून पाहिलंय. मुलगी वाहक निघाली की गावभर चर्चा, आणि मुलाचं रक्त मात्र तपासायलाच कुणी तयार नाही. "आमच्या पोराले काय झालंय?" म्हणून आमच्याकडे आता नियम केलाय. आधी मुलाचा रिपोर्ट, मग मुलीचा. मुलगा निरोगी असेल तर मुलगी वाहक असली तरी काहीच बिघडत नाही, लग्न खुशाल करा. दोघंही वाहक निघाले तर दोघांना एकत्र बसवून सगळं समजावून सांगायचं. निर्णय त्यांचा, पण डोळे उघडे ठेवून. आणि रिपोर्ट फक्त त्या दोघांच्या हातात, चव्हाट्यावर नाही. २०१२ साली मला भीती होती की तपासणीने लग्नं मोडतील. एक-दोन जमता जमता राहिलीसुद्धा, खोटं कशाला सांगू? पण ते दुःख मांडवाच्या अलीकडचं. वनिताने रात्री जागून काढल्या त्या मांडवाच्या पलीकडच्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात लग्नाचं बोलणं चाललं असेल, विशेषतः तुम्ही आमच्यासारख्या पट्ट्यातल्या असाल, तर साखरपुड्याच्या यादीत आधी ही एक ओळ लिहा. घरात लेकरू वारंवार हातपाय दुखतात म्हणत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर ढोंग करतो म्हणून रागावू नका, जवळच्या आरोग्य केंद्रात न्या.

बैठक संपल्यावर मणी गोळा करायला वनिताचा मुलगा धावत आला. सांडलेले मणी त्याने रंगावार लावून पिशवीत भरले. मग बायकांनी ओवलेल्या दोन पोती हातात घेऊन मोजल्या आणि मला म्हणाला, "मावशी, या एका बाईनं चुकीचं ओवलं. हिचा सातवा लाल झाला. लाल सहावा पाहिजे."

मी त्याच्यासमोरच ती पोत सोडली आणि पुन्हा ओवली.